अनुभव धागा : ‘तो’ धडा शिकवताना

मी १७ वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे. पहिल्या वर्षी प्रजननाचा धडा आला तेव्हा फुलातलं परागण तीन तास रंगवून शिकवलं, हायड्राच्या मुकुलायनावर एक तास घालवला, आणि मानवी प्रजननाच्या पानावर आल्यावर ‘हे सोपं आहे, घरी वाचून या’ म्हणून मोकळी झाले. हायड्रा अवघड आणि माणूस सोपा!

दुसऱ्या वर्षी मात्र ठरवून शिकवलं. आकृती काढली, नावं दिली, पाठही करून घेतली. तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी घुटमळत राहिली. बाकीच्या गेल्यावर हळूच म्हणाली, “मॅडम, पाळी आणि लघवी एकाच जागेतून येते ना? मग लघवीला गेल्यावर सगळं एकदम का नाही निघून जात?” वर्गात पहिली येणारी मुलगी. तिने अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय सगळी नावं बिनचूक लिहिली होती. मूत्रमार्गाचं तोंड वेगळं, योनिमार्गाचं वेगळं आणि गुदद्वार वेगळं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. फळ्यावरची माझी आकृती आतल्या अवयवांची होती; बाहेरून शरीर कसं असतं ते त्यात नव्हतंच.

तेव्हापासून मी धड्याची सुरुवातच या तीन वेगळ्या वाटांपासून करते. दर वर्षी दोन-तीन चेहऱ्यांवर ‘अरेच्चा’ उमटतं. एकदा ते शेजारी बसून ऐकणाऱ्या सहकारी बाईंच्या चेहऱ्यावर उमटलं होतं.

शिकवताना, शिकताना, घरी मुलांना सांगताना तुम्ही कुठे अडखळलात? मुलांनी काय विचारलं, तुमचं काय चुकलं? लिहा. उपदेश नकोत, प्रसंग हवेत.

* * *

चांगला विषय. माझ्या वर्गात फक्त मुलगे असतात, त्यामुळे माझी समजूत अशी की इथे फार काही विचारलं जाणार नाही, खिदळणं तेवढं होईल.

बुटांच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून प्रश्नपेटी केली. नाव लिहायचं नाही. ज्याला काही विचारायचं नाही त्याने कोरी चिठ्ठी टाकायची, पण टाकायचीच. म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. ४३ चिठ्ठ्या निघाल्या. ९ कोऱ्या, २ टवाळ. उरलेल्या ३२ मी रात्री एकट्याने वाचल्या आणि खरं सांगतो, जरा गप्प झालो. झोपेत वीर्य गेलं तर अशक्तपणा येतो का, हे ११ जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलं होतं. एकाने लिहिलं होतं, ‘मला काहीतरी आजार झालाय, घरी सांगितलेलं नाही.’

दुसऱ्या दिवशी आकडे घेऊन गेलो. एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण चहाच्या चमचाभर, बहुधा त्याहून कमीच. त्यातला शुक्रपेशींचा वाटा अगदी थोडा, बाकीचा द्रव शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथीतून येतो. एक शुक्रपेशी पूर्ण तयार व्हायला दोन महिन्यांहून थोडा जास्त काळ लागतो, पण कारखाना रोज चालू असतो, साठा संपत नाही. एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणं हेही नेहमीचंच. वृषणकोश शरीराबाहेर का, तर शुक्रपेशी तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं म्हणून. हे ऐकताना वर्गात जी शांतता होती तशी मला इतर कुठल्याही धड्याला मिळालेली नाही.

एक चिठ्ठी वेगळी होती : ‘ताई पाळीत दुखतं म्हणून झोपून राहते. ती नाटक करते का?’ मी सांगितलं की गर्भाशय हा स्नायू आहे, प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे तो आवळला जातो, आणि प्रसूतीत बाळाला बाहेर ढकलतो तोही हाच स्नायू. उत्तर झकास झालं असं वाटून घरी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, “आणि मळमळ? कंबर? जुलाब?” तिसऱ्या दिवशी जाऊन उत्तर दुरुस्त केलं. हीच द्रव्यं आतड्यांनाही हलवतात, हे मला त्या वयापर्यंत माहीत नव्हतं.

* * *

आमच्या बाईंनी त्या धड्याची पानं स्टेपल करायला लावली होती. अख्ख्या वर्गाने पहिल्याच दिवशी पिना काढून ती वाचली. बाकीचं पुस्तक परीक्षेपर्यंत कोरं होतं.

* * *

मी परिचारिका आहे. शाळांमध्ये बोलवतात तेव्हा पाळीवर बोलते. माझ्याकडे भाषण नाही, मोजपात्र आहे. आधी मुलींना विचारते, एका पाळीत एकूण किती रक्त जात असेल? अर्धा लिटर, एक लिटर अशी उत्तरं येतात. एकदा ‘एक बादली’ आलं. मग लाल रंगाचं पाणी मोजपात्रात ओतते, ३०-४० मिलिलिटरवर थांबते. सगळ्या दिवसांचं मिळून रक्त सरासरी एवढंच, आणि बाहेर येतं ते सगळंच रक्त नसतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे तुकडे आणि स्राव असतात. मग ८० मिलिलिटरची खूण दाखवते आणि सांगते की दर वेळी याच्या पलीकडे जात असेल तर डॉक्टरांकडे जायचं.

एकीने हात वर केला. “पण मोजणार कसं?” प्रश्न रास्त होता. तेव्हापासून खुणा सांगते : तासा-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल, नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गुठळ्या पडत असतील, सात दिवसांहून जास्त चालत असेल, तर दाखवायचं.

पाणी मुद्दाम लाल घेते. जाहिरातीत निळं पाहून एका लहान मुलीला पहिल्या पाळीत वाटलं होतं की आपलं काहीतरी बिघडलंय, कारण तिचं लाल होतं.

* * *

माझी मुलगी पाच वर्षांची असताना कुणीतरी आमच्याकडे फोनवर म्हणालं, “अगं, तिला दिवस गेलेत.” लेकीने मला येऊन विचारलं, “बाबा, दिवस कुठे गेले?” मी हसून टाळलं. मग ‘पोटात बाळ आहे’ असं कळल्यावर ती आठवडाभर काळजीत. मावशी जेवते ते बाळाच्या डोक्यावर पडतं का? शेवटी कागदावर जठर वेगळं आणि गर्भाशय वेगळं काढून दाखवलं. तिला ‘गर्भाशय’ हा शब्द फार आवडला. पुढचे काही दिवस बसथांब्यावर भेटेल त्याला ती तो शब्द सांगत होती. मला घाम फुटायचा, पण त्या शब्दाने कुणाचंच काही बिघडलं नाही.

* * *

बाबांचं वाचून आठवलं. आपली भाषाच इथे गंमत करते. पाचवीच्या वर्गात मी एकदा खेळ घेताना म्हणाले, “आता तुझी पाळी,” आणि मागच्या बाकावर हशा पिकला. मी खेळ थांबवून शब्दाचा अर्थ सांगितला : पाळी म्हणजे क्रमाने परत येणारी गोष्ट. मग त्यांना दोन्ही अर्थ एकच वाटले. ‘अडचण’ म्हणण्यापेक्षा किती नेमका शब्द आहे हा!

‘बीज’ या शब्दाने मात्र मला फसवलं. पुरुषाचं बीज आणि स्त्रीचं शेत, असं मीही सांगायचे, उपमा सोपी म्हणून. एका मुलाने सरळ विचारलं, “बाई, बीमध्ये आधीच रोपटं असतं ना? मग आई काय फक्त माती देते?” त्याच वर्षी मी त्यांना बी भिजवून आतला अंकुर दाखवला होता! उपमा तिथेच मोडली. शुक्रपेशी म्हणजे बी नव्हे. ती अर्धी, अंडपेशीही अर्धी. उलट आकाराने पाहिलं तर अंडपेशी साधारण एक दशांश मिलिमीटरची, नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसेल अशी. शुक्रपेशीला सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणूनच की काय गंमत वाटते, शुक्रपेशी लेव्हेनहुकने १६७७ मध्ये पाहिल्या आणि सस्तन प्राण्यांची अंडपेशी फॉन बेअरला १८२७ मध्ये सापडली. मोठी वस्तू दीडशे वर्षं उशिरा सापडली, कारण ती आत लपलेली.

* * *

मी दृष्टिहीन मुलांना शिकवतो. इथे फळ्यावरच्या आकृतीचा उपयोग नाही, त्यामुळे मला पहिल्यांदा ती आकृती किती खोटी आहे ते कळलं.

उठावाची आकृती करून दिली होती. रेषांवरून बोटं फिरवून एका मुलीने विचारलं, “सर, हे आत उभं असतं की आडवं?” मला सांगता येईना. आकृतीत गर्भाशय सरळ उभं, दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारख्या नलिका, खाली उघडी नळी. वाचायला बसलो. बहुतेक स्त्रियांमध्ये गर्भाशय पुढे झुकलेलं असतं, मूत्राशयावर रेलल्यासारखं. योनिमार्ग उघड्या नळीसारखा नसतो. त्याच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, गरजेनुसार ताणल्या जातात. गर्भाशयातली पोकळीही फुग्यासारखी नाही, एक चपटी फट असते. आणि अंडनलिका अंडाशयाला थेट जोडलेली नसते. तिच्या टोकाला झालर असते, ती अंडाशयावरून फिरते आणि सुटलेली अंडपेशी आत ओढून घेते.

मग कापडाचं मॉडेल शिवून घेतलं. गर्भाशय उलट्या ठेवलेल्या नाशपातीसारखं, सात-आठ सेंटिमीटरचं, आत कापूस दाबून भरलेलं, म्हणजे भिंत जाड लागावी. अंडाशयाला सोललेल्या बदामाच्या आकाराच्या गाठी. मूत्राशयासाठी एक मऊ पिशवी, त्यावर गर्भाशय टेकवलेलं. एक मुलगा बराच वेळ ते मुठीत धरून बसला आणि म्हणाला, “एवढंसं? यात बाळ मावतं?” त्याच्यासाठी दुसरं मॉडेल करावं लागलं, नवव्या महिन्याचं. रिकाम्या गर्भाशयाचं वजन ६० ग्रॅमच्या आसपास, दिवस भरताना ते एकटंच किलोभर होतं, बाळ आणि वार सोडून. दोन्ही मॉडेलं मी वाळूने वजन करून दिली. तो दोन्ही हातांत एकेक धरून तोलत राहिला.

मुलग्यांच्या अवयवांचं मॉडेलही केलं, पण ते साधंच झालं. मुलींच्या शिश्निकेचा (क्लिटोरिसचा) भाग मात्र मला पहिल्या मॉडेलात घालायचं सुचलंच नाही. तिचा बहुतेक भाग आत असतो, हे हेलन ओ’कॉनेल या शल्यविशारद बाईंनी १९९८ मध्ये नीट मांडलं. माझ्या शिंपिणीला तो आकार समजावताना माझी जी तारांबळ उडाली तो वेगळा धागा होईल.

* * *

थोडं विरोधात लिहितो. सगळे ‘मोकळेपणाने बोला’ म्हणतात. मी मुलामुलींना एकत्र बसवून शिकवलं आणि एक मुलगी पुढचे चार दिवस आली नाही. तिला वर्गातल्या मुलांनी चिडवलं होतं. माझा हेतू चांगला होता म्हणून तिचा त्रास कमी झाला नाही.

* * *

धागाकर्ती : सर, बरं झालं लिहिलंत. मी पहिला तास वेगवेगळा घेते आणि दुसरा एकत्र. पहिल्या तासात मुलींचे प्रश्न संपतात, मुलांचं खिदळून होतं. तरी चिडवणं होतंच, तेव्हा धडा बाजूला ठेवून त्यावर बोलावं लागतं. दर वेळी जमतं असं नाही.

* * *

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, शिक्षिका नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलींची दोन दुखणी शाळेतून आलेली असतात.

एक, २८ दिवस. आईसोबत येतात, ‘हिची पाळी अनियमित आहे’. बघावं तर ३५ दिवसांनी, कधी ४० दिवसांनी. पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. २८ ही सरासरी आहे, हजेरी नव्हे. ‘चौदाव्या दिवशी अंडं सुटतं’ हेही २८ दिवसांच्या चक्रापुरतं. खरं गणित उलटं असतं, पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी.

दुसरं, योनिपटल. ते सीलसारखं बंद असतं ही समजूत अजून आहे. ते बहुतेकींत आधीपासूनच उघडं असतं, आकार प्रत्येकीचा वेगळा, आणि त्यावरून संबंध आले की नाही हे सांगता येत नाही. कौमार्य तपासणी बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०१८ मध्ये सांगितलं. वर्गात एवढं एक वाक्य सांगा, माझं काम हलकं होईल.

आणि गरोदरपणाचे आठवडे! विद्यार्थी परिचारिकांनाही हे पटायला वेळ लागतो. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, २८० दिवस. म्हणजे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच. एकीने मला विचारलं, “मग त्या दोन आठवड्यांत गरोदर कोण असतं?” कॅलेंडर, म्हटलं.

* * *

माझी चूक सांगते. मुलगा की मुलगी हे शुक्रपेशीवर ठरतं, एक्स की वाय, हे शिकवताना मी जोशात म्हणाले, “म्हणजे दोष आईचा नसतो, वडिलांचा असतो!” मुलींनी टाळ्या वाजवल्या. मागून एक मुलगा म्हणाला, “मुलगी होणं हा दोष आहे का, मॅडम?” टाळ्या थांबल्या. मी फळ्याकडे तोंड करून उगाच काहीतरी पुसलं.

पुढच्या वर्षीपासून हा भाग नेटी स्टीव्हन्सपासून सुरू करते. १९०५ मध्ये या बाईंनी पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासून दाखवलं की नराच्या शुक्रपेशी दोन प्रकारच्या असतात, काहींत एक गुणसूत्र मोठं, काहींत छोटं. किड्यांच्या बाबतीत कुणी दोष काढत बसत नाही, त्यामुळे वर्ग शांतपणे ऐकतो.

* * *

मी आता निवृत्त झाले. शेवटच्या वर्षी हाच धडा शिकवताना अंगातून गरम वाफा आल्या, घामाने पदर भिजला. मुलं घाबरली. म्हटलं, घाबरू नका, माझी पाळी थांबते आहे, त्याचं हे लक्षण. पाळी सुरू कशी होते हे त्यांनी शिकलं होतं, थांबते हे कुणालाच माहीत नव्हतं. साधारण ४५ ते ५५ च्या दरम्यान, असं फळ्यावर लिहिलं.

गणितात हुशार असलेला एक मुलगा लगेच कामाला लागला. “बाई, १३ ते ५० म्हणजे ३७ वर्षं, गुणिले १२, ४४४ अंडपेशी.” शेजारचा म्हणाला, “गरोदरपणात सुटत नाहीत. बाई, तुम्हाला मुलं किती?” दोन, म्हटलं. “१८ वजा. ४२६.” बाळाला पाजत असतानाही काही महिने सुटत नाहीत, हे मी सांगितल्यावर त्याने आणखी थोडे वजा केले आणि समाधानाने पेन ठेवलं. मग पुस्तक उलटून पाहिलं आणि पुन्हा उचललं.

“पण जन्मताना १० ते २० लाख होत्या असं तुम्हीच सांगितलं. वयात येताना तीन-चार लाख. बाकीच्या कुठे गेल्या?”

“जिरल्या,” मी म्हटलं. “आतल्या आत.”

त्याने वहीच्या समासात लिहिलं : ‘हिशेब लागत नाही. बाईंना उद्या पुन्हा विचारणे.’