ग्रंथ मिटा, मग धर्म शिकवा

कडेचा माणूस
'जगातले धर्म' हा विषय मला अभ्यासाला होता. परीक्षेत जोड्या लावा: धर्म, संस्थापक, ग्रंथ, शिकवण. पैकीच्या पैकी मार्क मिळाले आणि धर्म समाजात काय करतो यातलं ओ की ठो कळलं नाही. ग्रंथात काय लिहिलंय ते मागाहून शिकवा. माणसं त्याचं काय करतात ते आधी, एवढंच माझं म्हणणं.

एक पुस्तक घ्या. १८०७ साली लंडनमध्ये छापलेलं बायबल, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास निवडलेलं. जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, सुमारे ९० टक्के मजकूर गाळलेला. मोशे आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून सोडवून नेतो, ती गोष्टच नाही. दासांनी धन्याचं ऐकावं, हे येशूचा प्रचारक पौल याचं सांगणं मात्र जागेवर. त्याआधी १७८३ मध्ये क्वेकर पंथाची ख्रिस्ती मंडळी, न कापलेलं बायबल मानणारी, गुलामांचा व्यापार बंद करा म्हणून ब्रिटिश संसदेकडे अर्ज घेऊन गेली होती. कात्री कुठे लावायची हे छापणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. जोड्या लावणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

तिरकस
उदाहरण झकास. पण हा तर सरळसरळ इतिहास झाला! त्याला वेगळा विषय कशाला? धर्माला वेगळ्या पाटावर बसवलं की त्याची पूजा सुरू होणारच.

शिवाय 'धर्म' म्हणजे काय ते तरी ठरलंय का? आपण शेजारधर्म म्हणतो, राजधर्म म्हणतो, त्यात देव कुठे आला? जपानी भाषेत 'शूक्यो' हा शब्द 'रिलिजन' या अर्थाने रुळला तो एकोणिसाव्या शतकात, परदेशी तहांची भाषांतरं करताना. आजही तिथल्या सरकारी आकड्यांत शिंतो (जपानचा मूळचा धर्म) आणि बौद्ध यांची बेरीज देशाच्या लोकसंख्येच्या वर जाते, कारण एकच माणूस दोन्हीकडे मोजला जातो. संस्थापक-ग्रंथ-शिकवण हा साचाच एका धर्मावरून, ख्रिस्ती धर्मावरून, काढलेला आहे.

कडेचा माणूस
साच्याबद्दल शंभर टक्के मान्य, माझं रडगाणं तेच आहे. पूजेची भीती मात्र पटत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सरकारी शाळांतलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, आणि त्याच निकालात धर्मांचा तटस्थ अभ्यास चालेल असंही म्हटलं. धर्म शिकवणं वेगळं, धर्माबद्दल शिकवणं वेगळं.

ओली माती
मी श्रद्धा असणारी, त्यामुळे तुम्हा दोघांशीही भांडण. तुम्ही उपयोग मोजताय. अंगाईने बाळाचा श्वास किती संथ होतो ते मोजता येईल, पण आई त्यासाठी गात नसते.

कडेचा माणूस
इंडोनेशियातल्या बाली बेटाचं सांगतो. तिथे डोंगरउतारावरच्या भातखाचरांना पाणी कधी सोडायचं ते जलमंदिरांभोवती जमणारे शेतकरी ठरवतात. वरच्या खाचरवाल्याने पाणी अडवलं तर खालचा मेला. पण खालच्याची लावणी भलत्याच वेळी झाली, तर तुडतुड्यांना बारा महिने पीक मिळतं आणि ते वरच्याच्या शेतातही चढतात. म्हणून सगळे मिळून एकाच वेळी शेतं मोकळी ठेवतात. किडीची उपासमार होते. १९७० च्या दशकात सरकारने हे वेळापत्रक मोडून जमेल तितकी पिकं घ्या म्हटलं. पाण्याची ओढाताण झाली, किडीने धुमाकूळ घातला, आणि शेतकरी पुन्हा मंदिराच्या पाळ्यांवर आले. आता सांगा, हा उपयोग नाही?

ओली माती
उपयोग आहेच. पण त्यातून त्या मंदिरांत पुजली जाणारी सरोवराची देवी काढा आणि नुसतं वेळापत्रक ठेवा. वरचा माणूस पाणी सोडेल? पाणी तिचं आहे, आपलं नाही, असं त्याला वाटतं म्हणून पाट वाहतो. श्रद्धेच्या आत न शिरता तुम्हाला फक्त पाट दिसणार.

तिरकस
सोडेल की. तुडतुड्यांचा हिशेब तर तुम्हीच वर दिलाय! त्याला स्वतःचं पीक वाचवायचंय, मग देवी असो वा पंचायत.

आणि कायम बालीच का? आफ्रिकेतला र्‍वांडा घ्या. १९९४ च्या वंशसंहारात लोक जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले आणि तिथेच कापले गेले. मारणारे आणि मरणारे, दोन्हीकडे बहुतेक ख्रिस्ती. एकत्र प्रार्थना करूनही काही जुळलं नाही.

कडेचा माणूस
हेही अभ्यासक्रमात हवंच, बालीच्या शेजारी. ओली माती, देवीचा मुद्दा मी निम्मा मान्य करतो. आत शिरल्याशिवाय कळत नाही हे खरं, पण शिरायला श्रद्धाच लागते असं नाही. अल-बिरुनी या मुसलमान विद्वानाने १०३० च्या सुमाराला भारतावर लिहिलं, तेव्हा आधी संस्कृत शिकला; आणि हिंदू स्वतः जे म्हणतात ते खोडत न बसता मांडतो, असं सुरुवातीलाच सांगून टाकलं. तो मुसलमानच राहिला.

ओली माती
हे चालेल. निदान विचारलं तरी त्याने! मग तुमच्या परीक्षेत प्रश्न काय असेल, तेवढं सांगा.

कडेचा माणूस
पूर्ण बायबल आणि १८०७ चं बायबल समोर ठेवायचं. काय गाळलंय आणि का, ते लिहा. वेळ तीन तास.

तिरकस
आणि जोड्या लावा?

कडेचा माणूस
असू देत, दोन मार्कांना.