३८१६५४७२९० : कागदावरही सापडते

एका भाऊंनी लिहिलं, ० ते ९ अंक एकेकदाच असलेली आणि पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने, तिनांच्या संख्येला ३ ने, असं दहापर्यंत भाग जाणारी ही एकमेव संख्या कॉम्प्युटरशिवाय सापडत नाही. कायले जी? यवतमाळातल्या दारव्ह्याकडच्या आमच्या गावातल्या पोट्ट्यांनी कापसाच्या काटापट्टीमागे, म्हणजे वजनाच्या पावतीच्या पाठीवर उरकलं!

१० ने भाग जायचा म्हणून शेवटी ०, ५ ने जायचा म्हणून पाचवा ५. सम जागी समच अंक, म्हणून विषम जागी विषम. तिसरा विषम, तर चौथा २ किंवा ६, आठव्याचंही तेच. चौथा ते सहावा यांची बेरीज ३ च्या पटीत लागते, म्हणजे २५८ नाहीतर ६५४. खरी गाळणी पहिल्या आठ अंकांना ८ ने भाग जाण्याची. तिच्यातून १० संख्याच उरतात. त्यांचे पहिले सात अंक सातने भागत बसा, ३८१६५४७ = ७ × ५४५२२१ तेवढी टिकते.