श्रॉडर हाऊससारख्या सरकत्या भिंती टू बीएचकेत जमतील का?

कोथरूडची_मी: नमस्कार मंडळी, आमचा जुना टू बीएचके रिनोवेट करायला काढलाय. मुलगी बारावीला, मुलगा सहावीत, सासूबाईही आमच्याकडेच. नेदरलँड्समधल्या श्रॉडर हाऊसचे, म्हणजे त्या सरकत्या भिंतींच्या जुन्या घराचे फोटो बघितल्यापासून हॉल आणि बेडरूममधली भिंत काढून सरकतं पार्टिशन टाकायचं डोक्यात बसलंय. त्या घरात खरंच कुणी संसार केला का, की नुसतं दाखवायला बांधलेलं?

नकाशेवाली: केला म्हणजे काय, जन्म काढला तिथे! ट्रुस श्रॉडर १९२३ मध्ये विधवा झाल्या, पदरात तीन मुलं, आणि १९२४ मध्ये उट्रेख्तला विटांच्या घरांची रांग संपते तिथे टोकाला हे घर बांधून घेतलं, १९८५ ला गेल्या तोवर तिथेच राहिल्या. घराचा आर्किटेक्ट गेरिट रीटवेल्ड मूळचा फर्निचरवाला, पण सगळं श्रेय त्याला एकट्याला देतात ते मला बिलकुल पटत नाही. मुलं वेगळी कोंडायची नाहीत, मोठ्यांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच पाहिजे हा आग्रह बाईंचा, वरच्या मजल्यावर पक्क्या भिंती नकोत हेही त्यांचंच. असा मोकळा मजला नियमात बसेना म्हणून नकाशात वरचा मजला चक्क माळा दाखवला, खाली मात्र पक्क्या भिंती आहेत.

डेक्कनकर: मी बघून आलोय ते घर. दिवसा वर सगळं मोकळं, मधोमध जिना, त्याच्यावर काचेचं छत. पार्टिशन्स ओढली की मुलींची खोली, मुलाची खोली, बैठक वेगळी होते. आणि ती कोपऱ्यातली खिडकी! कोपऱ्यावर खांबच नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंची तावदानं उघडली की घराचा कोपराच गायब होतो, मी तिथून हलायलाच तयार नव्हतो.

रविवारपेठी_सुतार: ताई, भिंत लोड बेअरिंग, म्हणजे वरचा भार पेलणारी आहे का ते आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, सोसायटीची परवानगी घ्या, मगच हात लावा. पार्टिशन सरकायचं चॅनल वरून टांगता घ्या, खालच्या पट्टीत कचरा साठतो आणि सासूबाईंना ठेच लागेल. आवाज मात्र येणारच, आत रॉकवूल (आवाज अडवणारी दगडी लोकर) भरा, कडेला रबर लावा, तरी विटेच्या भिंतीची सर नाही.

कोथरूडची_मी: मग मुलीची खोली आहे तशीच ठेवते, तिची बोर्डाची परीक्षा आहे. मुलाची आणि हॉलमधली भिंत इंजिनीअरला दाखवते. आठ फुटांच्या ओपनिंगला दोन पल्ले बरे की तीन?

रविवारपेठी_सुतार: तीन. पल्ला हलका राहतो, पोराला एकट्याला ओढता येईल.