मदत हवी आहे: कीस बुधापुढे सरकतच नाही

तापीकाठ: परवा तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे. सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचा सूर्यमालेवरचा परिणाम दाखवायचाय, पण कीस बुधाच्या पुढे जातच नाही. लवकर सांगा.

केळीवाला_रावेर: कसाना कीस भो? मॉडेल कसं शे, पोर कितवीमा शे, काहीच सांगं नही तुम्ही.

तापीकाठ: लोखंडाचा कीस हो. मुलगी आठवीत. थर्माकोलच्या गोळ्यात पट्टीचुंबक, शेजारी पुठ्ठ्यावर कीस. सगळा टोकांशीच गोळा होतो. बाई विचारतात, मग पृथ्वीपर्यंत काय पोहोचतं?

शेंदुर्णीकर: जुन्या स्पीकरचं चुंबक घाला. लेथवाल्याकडून बारीक कीस आणा. माझा वीतभर पसरला होता.

गिरणाकाठची: दादा, चुंबक मोठं करून भागणार नाही. सूर्याचं क्षेत्र सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत सुटणारा विद्युतभारित कणांचा झोत, स्वतःबरोबर ओढत नेतो, सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने. त्यात सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून क्षेत्राच्या रेषांना पीळ बसतो. शेतातली रेनगन बघा: प्रत्येक थेंब सरळ सुटतो, पण नोझल फिरतं म्हणून धार वाकडी दिसते. अमेरिकी शास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी हे 1958 मध्ये मांडलं. पट्टीचुंबक काढा, लोकरीचे धागे चकलीसारखे चिकटवा. पृथ्वीपाशी पीळ सूर्याकडून येणाऱ्या सरळ रेषेशी साधारण 45 अंशांचा हवा.

शेंदुर्णीकर: परीक्षकांना कीसच आवडतो, अनुभव आहे. शिवाय ग्रह त्या क्षेत्रानेच धरलेत ना?

गिरणाकाठची: नाही हो, ते गुरुत्वाकर्षण. पृथ्वीजवळ सूर्याचं क्षेत्र जेमतेम 5 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं माप), आपल्या पायाखालचं पृथ्वीचं 40 हजारांच्या आसपास. पण सूर्याचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलं की पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि सौरवाऱ्याची ऊर्जा आत शिरते. 10 मे 2024 च्या रात्री लडाखात हानलेहून आकाश लाल दिसलं ते यामुळेच.

केळीवाला_रावेर: त्याच मे महिन्यात माझ्या केळीची पानं करपली!

गिरणाकाठची: ते ऊन भाऊ. सौरवाऱ्याने उठलेलं हे चुंबकीय वादळ उपग्रह, जीपीएस, लांबच्या वीजवाहिन्या बिघडवतं. पानांना काही करत नाही.



तापीकाठ: लोकर आहे घरात, पोरगी बसली चिकटवायला. धागे किती लांब कापू?

गिरणाकाठची: नासाचं व्हॉयेजर 1 हे यान ऑगस्ट 2012 मध्ये या क्षेत्राची हद्द ओलांडून गेलं, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 121 पट लांब. पृथ्वी 2 सेंटीमीटरवर ठेवलीत तर हद्द जवळपास अडीच मीटरवर.

तापीकाठ: टेबल चार फुटीच मिळतं ताई.

गिरणाकाठची: मग हद्द मागच्या भिंतीवर लावा.