चार्ट म्हणतो सगळं ओके, टी टेस्ट म्हणते रात्रपाळीत घोळ आहे. खरं कुणाचं?

कुपवाडकर_क्यूसी:
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत मसाल्याच्या एका युनिटला क्यूसीला (मालाची तपासणी) आहे. बीएस्सी स्टॅट केलंय पण ते पेपरापुरतंच, नोकरीत पहिल्यांदा वापरतोय त्यामुळं हसू नका. आमच्याकडं हळद पावडरचे 200 ग्रॅमचे पाउच भरतात, स्क्रूवालं मशीन, आठ-आठ तासाच्या दोन शिफ्ट. दर अर्ध्या तासाला सलग 5 पाउच काढायचे, काट्यावर ठेवायचे, सरासरी आणि रेंज (पाचांतला सगळ्यात जड वजा सगळ्यात हलका) लिहायची, सरासरीचा चार्टवर एक ठिपका टाकायचा, रात्री हेच सुपरवायझर करतो. शेठनी 196 ते 206 मध्ये ठेवा असं सांगितलेलं म्हणून चार्टवर त्याच दोन लाल रेषा मारल्यात, आणि महिना झाला एक ठिपका बाहेर गेलेला नाही.

आता झालंय असं की तासगावच्या एका दुकानदारानं पाउच हलके लागतायत म्हणून फोन केला, शेठचं म्हणणं रात्रीची पोरं झोपतात. मी एका दिवसाचे दोन्ही शिफ्टचे 80-80 पाउच घेऊन एक्सेलमध्ये टी टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक खरा का योगायोग ते बघायची) मारली. दिवसाची सरासरी 201.7, रात्रीची 201.2, पी व्हॅल्यू 0.02, म्हणजे दोन्ही शिफ्ट सारख्या असत्या तर एवढा फरक योगायोगानं यायची शक्यता 2 टक्के. शेठ लगेच "बघ, मी म्हणत नव्हतो?" आणि आता रात्रीच्या ऑपरेटरचा बोनस कापायचं चाललंय. तो आमच्याच गावचा आहे, माझ्या आकड्यावरनं त्याचं नुकसान झालं तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही राहणार. पण आकडा तर खरा आहे ना? का नाही? सरासरी रेंज 2.6 ग्रॅम येते.

टर्निंगवाला_सातारा:
भावा आधी त्या लाल रेषा पूस. 196-206 ही शेठची इच्छा आहे, मशीनची नाही. कंट्रोल लिमिट मशीनच्या स्वतःच्या आकड्यांतनं काढायची असते. 5 च्या सबग्रुपला (एका वेळी काढलेल्या पाउचच्या गटाला) तक्त्यातला ए2 हा आकडा 0.577, गुणिले 2.6 म्हणजे दीड ग्रॅम. तुझी एकूण सरासरी 201.45, मग रेषा आल्या 199.95 आणि 202.95. रेंजच्या चार्टला तक्त्यातलाच डी4 2.114, वरची रेष 5.5, खालची शून्य. आता तेच 32 ठिपके परत टाक आणि सांग.

आमच्याकडं सातारा एमआयडीसीत शाफ्ट टर्निंगला सेम चूक दोन वर्षं चालली, ड्रॉइंगचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) चार्टवर मारून बसलेलो, ठिपके सगळे आत आणि असेंब्लीत माल रिजेक्ट. हसू आलं वाचून, तुझ्यावर नाही, आमच्यावर.

कुपवाडकर_क्यूसी:
टाकले. 32 पैकी 3 बाहेर, एक वर दोन खाली, खालचे दोन्ही रात्रीचे. रेंज सगळी आत. म्हणजे शेठ बरोबरच की.

सांगलीचा_राजा:
या रेषा 3 सिग्मावर (सिग्मा म्हणजे चढउताराचं माप, स्टँडर्ड डेव्हिएशन) कशाला, 2 सिग्मा ठेव, लवकर पकडेल. वाटही कमी बघावी लागेल.

मिरजेचा_मास्तर:
राजे, थांबा जरा. मशीन अगदी नीट चाललेलं असताना 2 सिग्माच्या बाहेर साधारण 4.5 टक्के ठिपके उगाचच पडतात, याच्याकडं दिवसाला 32 ठिपके, म्हणजे रोज एखाद-दोन खोट्या घंटा. आठवड्यात ऑपरेटर घंटा ऐकणं सोडतो. 3 सिग्माला हे 0.27 टक्के होतं, म्हणजे 370 ठिपक्यांत एक, याच्या हिशेबानं अकरा-बारा दिवसांत एकदा. शूहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं 1924 मध्ये बेल टेलिफोनच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत पहिला चार्ट काढला, रेष कुठं मारायची तर उगाच धावपळ आणि खरी गडबड हुकणं या दोन्हींचा खर्च बघून 3 ठरवलं. हा माणूस 1947-48 ला भारतातपण येऊन गेलाय बरं का, आम्हाला शिकवताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता क्यूसी, तुझी टी टेस्ट. गणित चुकलेलं नाही, गृहीत चुकलंय. तू 80 आणि 80 मोजलेस, पण सलग काढलेले पाच पाउच एकमेकांचे सख्खे भाऊ असतात, त्याच क्षणी त्याच पावडरीतनं भरलेले. ते 80 स्वतंत्र साक्षीदार नाहीत, एकाच घरातले पाच-पाच जण साक्षीला आणल्यासारखं आहे. 16-16 सबग्रुपच्या सरासऱ्या घेऊन टेस्ट मार, आणि सरासऱ्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन सांग.

कुपवाडकर_क्यूसी:
सर, सरासऱ्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन 0.9 आलं, दोन्ही शिफ्टला जवळपास तेवढंच. पी व्हॅल्यू 0.13. हे कसं काय झालं? डेटा तोच की हो.

मिरजेचा_मास्तर:
डेटा तोच, साक्षीदार कमी. आणि 0.9 कडं बघ. तुझ्या 2.6 रेंजवरनं सिग्मा निघतो 2.6 भागिले तक्त्यातला 2.326, म्हणजे 1.12. पाचच्या सरासरीला फक्त तेवढाच चढउतार असता तर 0.5 (1.12 भागिले पाचचं वर्गमूळ) यायला पाहिजे होता, आलाय 0.9, तोही दोन्ही शिफ्टला. म्हणजे पाउच-पाउचमधला फरक सोडून अर्ध्या तासा-अर्ध्या तासात काहीतरी वेगळं हलतंय. टी टेस्टला ते दिसत नाही कारण ती दोन ढीग तराजूत टाकते, आधी काय नंतर काय हे तिला माहितच नसतं. चार्टला वेळ कळतो. ठिपके रेषेनं जोडून बघ, वर-खाली कसे जातायत, आणि शेजारी काय चाललंय ते लिही. आणि 0.13 आला म्हणजे दोन्ही शिफ्ट सारख्याच असं सिद्ध झालं असंही शेठना सांगू नको हां, फक्त एवढ्या पुराव्यावर बोनस कापता येत नाही एवढंच.

हळदवाला_दाजी:
मास्तरांचं गणित असेल बरोबर, मी वीस वर्षं स्क्रू फिलर बघतोय, मला एकच सांग हॉपर (मशीनवरचा पावडर ओतायचा डबा) कोण भरतं? स्क्रू वजन बघत नाही, फेऱ्या बघतो. हॉपर भरलेला असला की वरच्या भारानं पावडर दबते, तेवढ्याच फेऱ्यात जास्त माल जातो. तळाला आली की सैल, पाउच हलका. आणि गोणी नुकतीच ओतली की पावडरीत हवा असते तेव्हा पहिले थोडे पाउच परत हलके, मग बसते. काट्यावर पाउचसकट ठेवतोस का? लॅमिनेटचा रोल बदलला की रिकाम्या पाउचचं वजन बदलतं, टेअर (वजा करायचं रिकाम्या पाउचचं वजन) रोज घेतोस का महिन्याचा जुना धरलायस?

अजून एक, ऑपरेटर दर रीडिंगनंतर फेऱ्या कमी-जास्त करतो का? 201 आलं की अर्धी फेरी कमी, 200.5 आलं की परत जास्त, असं करणारे लय बघितलेत. काम केल्यासारखं वाटतं, माल बिघडतो.

टर्निंगवाला_सातारा:
दाजींशी सहमत. सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आमची पोरं प्रत्येक जॉबनंतर ऑफसेट द्यायची, म्हणजे टूल थोडं सरकवायची. पूर्ण चूक तेवढीच उलटी भरून काढायला गेलं की व्हेरिअन्स (सिग्माचा वर्ग) दुप्पट होतो, हे नंतर कळलं.

कुपवाडकर_क्यूसी:
अपडेट देतो, उशीर झाला सॉरी. परवा रात्री दहा ते दोन मशीनपाशी बसलो, हळदीनं शर्ट पिवळा, आई अजून बोलतीय. प्रत्येक गोणी ओतल्याची वेळ लिहिली. दिवसा दोन हमाल असतात, हॉपर अर्ध्याच्या खाली जातच नाही. रात्री एकच आहे, आणि गोडाऊन मागं असल्यामुळं तो एकदम तीन गोण्या ओतून जातो ते दीड तासानं येतो. ठिपके जोडले तर अगदी करवतीचे दात. ओतल्यावर थोड्या वेळानं 202.6, मग उतरत उतरत 199.8, परत वर. आणि ऑपरेटर खाली आलं की फेऱ्या वाढवायचा, तेवढ्यात गोणी पडायची की वजन उडायचं. म्हणजे तो झोपत नव्हता, उलट जास्तच राबत होता.

दिवसाच्या शिफ्टचा एक वरचा ठिपका मात्र रोल बदलल्याचा निघाला, टेअर जुनाच होता. दाजी तुमचे पाय कुठं आहेत?

शेठना चार्ट दाखवला. पहिल्यांदा म्हणाले मग हमाल वाढवू का आता. मी म्हणलं नको, हॉपरला आतनं लाल पट्टा मारू, पावडर पट्ट्याखाली दिसली की ऑपरेटरनं हाक मारायची आणि एकेक गोणी ओतायची. मग मी आकडा दाखवला, सरासरी 201.45 म्हणजे पाउचमागं 1.45 ग्रॅम फुकट जातंय, दहा हजार पाउचला साडेचौदा किलो हळद. चढउतार कमी झाला तर सेटिंग खाली आणता येईल. त्यावर गप्प झाले. बोनसचा विषय परत निघाला नाही, निघेल तेव्हा बघू.

एक शंका राहिली, आता पट्टा मारल्यावर लिमिट लगेच नवीन काढू का? आणि सेटिंग किती खाली आणायचं?

मिरजेचा_मास्तर:
सेटिंगला हात लावू नको अजून. सरासरी छापलेल्या वजनाच्या खाली जाता कामा नये, आणि एकटा पाउच किती कमी चालतो त्याला वजनमापवाल्यांचा नियम आहे, 200 ग्रॅमला साडेचार टक्के म्हणजे 9 ग्रॅम. तू त्याच्या जवळपासही नाहीस, पण शेठ लोकांना ही 9 ची सूट कळली की ते तिथं जाऊन बसतात म्हणून त्यांना सांगताना सरासरीचं आधी सांग.

लिमिटसाठी पट्टा मारल्यानंतरचे 25 सबग्रुप होऊ देत, दोन्ही शिफ्टचे मिसळून, मग काढ. तोवर दीड ग्रॅमवाल्या रेषा राहू देत.

हळदवाला_दाजी:
पट्टा ऑइलपेंटनं मारू नको रे, आत पावडर खाण्याची आहे. बाहेरनं काचेच्या खिडकीवर मार.

कुपवाडकर_क्यूसी:
अरे देवा. दाजी, आजच मारणार होतो.