शब्दचर्चा: गावाचा गावाशी ‘राबता’ असतो का?

खाडीकाठची: कोकणातल्या जुन्या बंदरांवरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. मी लिहिलं, ‘खाडी गाळाने भरत गेली आणि राजापूरचा कोल्हापूरशी असलेला राबता तुटला.’ संपादकांनी ‘आर्थिक अनुबंध संपुष्टात आला’ असं केलं. म्हणाले, राबता माणसांचा असतो, शहरांचा नव्हे. आमच्या घरी ‘अणुस्कुऱ्याने (म्हणजे अणुस्कुरा घाटाने) घाटावर राबता होता’ असंच बोलायचे. काय ठेवू?

घाटउतार: संपादकांचं अर्धं पटतं. ‘वाड्यावर पाहुण्यांचा राबता’ म्हणतो तेव्हा वर्दळच अभिप्रेत असते. आणि राबता कमी होतो, बंद पडतो. तुटतो तो संबंध. पण अनुबंध नको. बैलांचे तांडे मीठ-नारळ घेऊन घाट चढायचे, त्याला हा शब्द फार कोरडा आहे.

स्वभाषा: राबता मुळात अरबी. सावरकरांनी रत्नागिरीत असतानाच भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. ‘महापौर’, ‘दिनांक’ तेव्हा लोकांना जड वाटले, आज कुणी अडखळतं का? अनुबंधही रुळेल.

पेठकरी: बंदर फारसी, जकात अरबी, दलाल अरबी. हे शब्द काढून राजापूरच्या पेठेबद्दल एक परिच्छेद लिहून दाखवा. माझ्या आजोबांचं त्या पेठेत दुकान होतं, त्यांना विचारलं असतं तर त्यांनी ‘देवघेव’ म्हटलं असतं. ‘कोल्हापूरशी देवघेव थांबली.’ संपलं.

वेंगुर्ल्याचा: देवघेव आणि राबता एक नव्हेत, आमचंच उदाहरण घ्या. बेळगावचा माल आंबोली घाट उतरून वेंगुर्ले बंदरात यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोव्यातल्या मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे झाली आणि माल तिकडे वळला. बंदर ओस पडलं. पण दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला आमची माणसं आजही बेळगावलाच जातात. म्हणजे देवघेव गेली, राबता उरला. मालवणीत आम्ही ‘जाणा-येणा’ म्हणतो, त्यात हे दोन्ही मावतं.

घाटउतार: आणि मुंबईचं उलटं. गिरण्यांच्या काळात अख्खी वाडी मनीऑर्डरवर जगायची. राबता मात्र शिमग्याला आणि गणपतीला. पैसा बारमाही, माणूस वर्षातून दोनदा. या नात्याला मराठीत स्वतंत्र शब्द नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘चाकरमानी’ माणसाला आहे, नात्याला नाही.

खाडीकाठची: लेखात पुढे नेमकं हेच आहे. घाटावरची पेठ सुटली, गाव थेट मुंबईला जोडलं गेलं, शेजारच्या गावांचे आपसातले व्यवहारही विरले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही उत्तर-दक्षिण, घाटाकडे नव्हे. राजापूर रोड स्टेशन तर गावापासून बरंच लांब. या सगळ्याला एकच शब्द पुरवायचा आहे मला.

पेठकरी: राबता अरबी हे मला मान्यच नाही. राबणे, राबता. हमाल राबायचे म्हणून राबता.

स्वभाषा: नाही हो. अरबी ‘राबिता’, उर्दू ‘राब्ता’, अर्थ दुवा. राबण्याशी संबंध नाही.

खाडीकाठची: मूळ अर्थ दुवा असेल तर माझं वाक्य बरोबरच ठरतं! दुवा तुटतो.

घाटउतार: मूळ अर्थावर वापर ठरत नाही. आज कानाला काय लागतं ते पाहा.

वेंगुर्ल्याचा: राबण्यावरून आठवलं. भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा, कवळ (तोडलेल्या डहाळ्या) टाकून ‘राब’ भाजतात, तो राब आणि राबणे एकच का?

पेठकरी: एकच असणार. राब भाजण्याइतकं कष्टाचं काम दुसरं नाही. आमच्याकडे त्यात शेणही घालतात. तुमच्याकडे?