जीन्स नकोच, आधी इनर बघा
ठाण्याहून हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासे पकडायला निघालाय आणि जीन्सवर दोन स्वेटर पुरतील का विचारताय, म्हणून लिहितो. जीन्स अजिबात नको. सुती कापड भिजलं की लवकर वाळत नाही आणि माणूस गारठतो. अंगालगत पॉलिस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं इनर, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ, उबदार सिंथेटिक कापडाचा थर, सगळ्यात वर वॉटरप्रूफ जॅकेट. जॅकेट दुकानातच उलटं करून शिवणी बघा. आतून टेप नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं. ऐरोलीच्या खाडीवर चालतो तो प्लॅस्टिकचा रेनकोट तिथे नको. चढून आल्यावर घाम आतच कोंडतो आणि गळ टाकून उभं राहिलं की तोच गार पडतो. जॅकेटच्या बाहीला मनगटाशी आवळायला वेल्क्रो हवंच. शिवाय हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची बंदी असते, तेव्हा तिकीट मार्चचं काढा.